जामीन झाला, सुटका नाही: कच्च्या कैद्यांसाठीच्या कामाच्या नोंदी (जानेवारी ते जुलै २०२५)

५ जानेवारी २०२५, रविवार

कामाची हद्द ठरली. जिल्हा कारागृहातल्या कच्च्या कैद्यांपैकी दोनच गट हाती घ्यायचे. पहिला गट जामिनाचा आदेश झालेल्यांचा: जामीनदार नाही किंवा भरायला पैसे नाहीत, म्हणून ते अजून आत आहेत. दुसरा गट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४७९ मध्ये बसणाऱ्यांचा: गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश किंवा निम्मा काळ त्यांनी निकालाआधीच आत काढलेला आहे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांना ४७९ लागू नाही. तिथे वकिलाशिवाय काही हलत नाही, म्हणून ती प्रकरणे थेट लोकअभिरक्षक कार्यालयाकडे (आरोपीला बचावासाठी मोफत वकील देणारे कार्यालय) पाठवायची.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन (कच्चे कैदी), म्हणजे शंभरात जवळजवळ ७६. गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष धरायचा, असे कायदा म्हणतो. त्या वाक्याचा अर्थ या आकड्याशेजारी ठेवून वाचायला हवा.

आपल्या कार्यकर्ता गटाचे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. कुणाला ‘सोडवून आणतो’ असे म्हणायचे नाही. कुटुंबाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, चहाही नाही. मूळ कागद हातात ठेवायचा नाही. झेरॉक्स काढून मूळ लगेच परत. वहीत नावाऐवजी क्रमांक, नावांची यादी वेगळ्या वहीत आणि ती कुलपात. ज्यांचा खासगी वकील आहे, त्यांच्या प्रकरणात वकिलाला विचारल्याशिवाय एकही कागद पुढे सरकवायचा नाही. हा शेवटचा नियम मोडला की कुटुंब आणि वकील यांच्यात भांडण लागते आणि नुकसान आतल्या माणसाचे होते.

१२ जानेवारी

फॉर्म मुलाखतीच्या रांगेत वापरून पाहिला. आधी दोन पानी होता, आता एक पान. विचारायचे ते असे: आरोपीचे नाव, वडिलांचे नाव, वय, पोलीस ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजेच एफआयआर क्रमांक) आणि वर्ष, कलमे, अटकेची तारीख, न्यायालय, वकील खासगी की सरकारी, जामिनाचा अर्ज झाला का, आदेश कधीचा, अट काय, आणखी किती केसेस, आधी कधी शिक्षा झाली का.

रांगेत या दिवसांत म्हातारी माणसे आणि मुलेच जास्त असतात. कर्ती माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. म्हाताऱ्यांना पोलीस ठाण्याचे नाव आणि पुढची ‘तारीख’ पाठ असते, बाकी काही नसते. ती तारीखही नुसती कोठडी वाढवण्याची आहे की खटल्याची, हे सांगता येत नाही. म्हणून दोन गोष्टी पुरेशा मानायच्या: पोलीस ठाणे आणि गु.र.नं. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून एफआयआर क्रमांकाने शोधले की प्रकरण सापडते. सापडले की १६ अक्षरी सीएनआर क्रमांक फॉर्मवर मोठ्या अक्षरांत लिहायचा. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचे दोन अंक, सहा अंकी प्रकरण क्रमांक आणि शेवटी वर्ष. यानंतर नावाच्या स्पेलिंगवर काही अवलंबून राहत नाही.

नावाने शोधायचे नाही, हे आज ठरले. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळे. शिवाय एकाच पालावर एकाच नाव-आडनावाचे दोघे असू शकतात. वडिलांचे नाव आणि गु.र.नं. जुळल्याशिवाय प्रकरण आपल्या यादीत घ्यायचे नाही.

दोषारोपपत्र दाखल झालेले नसेल तर ॲपवर खटला दिसत नाही, फक्त रिमांडचा किंवा जामिनाचा अर्ज दिसतो. तसे असेल तर आधी पहिल्या रिमांडपासूनचे दिवस मोजायचे. रिमांडचा तो दिवस धरून ६० दिवस, आणि जन्मठेपेसारख्या जड शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, उलटले आणि दोषारोपपत्र आले नाही तर मुदतीचा जामीन हक्काने मिळतो. मात्र अर्ज करावा लागतो, आणि तो दोषारोपपत्र दाखल होण्याआधी. एक दिवस उशीर झाला तर हक्क गेला. अशा फॉर्मवर लाल शिक्का, त्याच संध्याकाळी लोकअभिरक्षक कार्यालयाला फोन.

१९ जानेवारी

दिवस मोजण्याचे काम. आजचा पूर्ण दिवस याच्यात गेला, आणि जायलाच हवा होता.

कलम ४७९ असे: पूर्वी कधीच शिक्षा न झालेला आरोपी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला, तर त्याला न्यायालयाने बंधपत्रावर (तारखेला हजर राहण्याच्या लेखी हमीवर) सोडायचे. बाकीच्यांसाठी निम्मा काळ. निम्म्यापुढेही ठेवायचे तर न्यायालय सरकारी वकिलाचे ऐकून, कारणे लिहून ठेवू शकते. कमाल शिक्षेपेक्षा जास्त मात्र कोणत्याच कारणाने नाही. आरोपीमुळे झालेला उशीर वजा होतो. नवी संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ आधीच्या गुन्ह्यांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी सांगितले. तुरुंगांच्या अमानवी परिस्थितीबद्दल न्यायालयाने स्वतःहून चालवलेले जे प्रकरण आहे, त्यातलाच हा आदेश. त्यामुळे ‘तुमची केस जुन्या कायद्यातली’ हे उत्तर आता चालणार नाही.

गोंधळ कलमांत होतो. कुटुंब सांगते, ‘चोरीची केस आहे.’ पण चोरी म्हणजे कुठली? जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७९ असेल तर कमाल शिक्षा ३ वर्षे, एक तृतीयांश म्हणजे १ वर्ष. घरातली चोरी, कलम ३८०, असेल तर ७ वर्षे. तृतीयांश २ वर्षे ४ महिने, निम्मे ३ वर्षे ६ महिने. आणि ४५७, म्हणजे चोरीसाठी रात्रीची घरफोडी, लावलेले असेल तर १४ वर्षे. तृतीयांश ४ वर्षे ८ महिने. एकच रात्र, एकच घर, पण ४५७ जोडले की मोजणी दुप्पट. ‘दरोड्याच्या तयारीत’ हे फासेपारध्यांवर वारंवार लागणारे कलम ३९९: १० वर्षे, तृतीयांश ३ वर्षे ४ महिने. ४०२ असेल तर ७ वर्षे. प्रत्यक्ष दरोडा, ३९५, यात जन्मठेप लिहिलेली असल्याने ४७९ लागूच नाही. अनेक कलमे असतील तर सर्वांत जड कलम धरायचे, आणि ते एफआयआरवरून नव्हे तर दोषारोपपत्रावरून. दोन्ही कागदांवर कलमे तीच असतील असे धरून चालायचे नाही.

‘पूर्वी शिक्षा न झालेला’ याचा अर्थ शिक्षा न झालेला एवढाच आहे. पोलिसांच्या अहवालात ‘गुन्हेगारी पूर्वइतिहास’ या मथळ्याखाली आठ गुन्ह्यांची यादी असते. त्यांतले किती निर्दोष सुटले, किती चालू आहेत, हे तिथे लिहिलेले नसते. ती यादी पाहून माणसाला तृतीयांशातून काढून निम्म्यात टाकतात. उपाय एकच: यादीतल्या प्रत्येक गुन्ह्याचा ई-कोर्ट्सवरचा निकाल शोधून, छापून, त्या अहवालालाच जोडायचा. एका माणसामागे दोन-तीन तास लागतात. तरी करायचे.

मोठी अडचण ४७९ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. एकापेक्षा जास्त प्रकरणे चालू असतील तर या कलमाखाली सोडायचे नाही, असे ते म्हणते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३६-अ मध्ये, म्हणजे याच तरतुदीच्या आधीच्या कलमात, ही आडकाठी नव्हती. ज्या जमातीच्या माणसाला कुठेही चोरी झाली की उचलतात, त्याच्या नावावर एकच प्रकरण असणे अवघड. सर्वांत गरजू माणसाला कलमाच्या दारातच अडवले जाते. अशांसाठी ४७९ चा आग्रह न धरता प्रत्येक प्रकरणात वेगळा नियमित जामीन मागायचा.

आणखी एक चूक दोन फॉर्मांत सापडली. माणूस एका केसमध्ये आत आहे आणि दुसऱ्या केसमध्ये त्याला वर्ग करून घेतलेलेच नाही. तो आत असला तरी दुसऱ्या केसचे दिवस सुरू झालेले नसतात. पहिल्या केसमध्ये सुटायला निघाला की दारातच दुसऱ्या केसचे वॉरंट पुढे येते. म्हणून ‘आणखी किती केसेस’ यापुढे ‘त्यांत अटक दाखवली का, कधी’ हा रकाना वाढवला.

२७ जानेवारी

कारागृहाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज दिला. १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. पहिल्या मसुद्यात सात प्रश्न होते. ते छाटून तीन ठेवले: जामीन मंजूर होऊन सात दिवसांहून अधिक काळ आत असलेल्यांची ३१ डिसेंबर २०२४ रोजीची संख्या, त्यांच्याबद्दल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारी यंत्रणा) पाठवलेल्या पत्रांच्या तारखा, आणि ४७९ च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे अधीक्षकांनी १ जुलै २०२४ पासून न्यायालयाकडे पाठवलेल्या अर्जांची संख्या.

नावे मागितली नाहीत. नावे मागितली की ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून सगळा अर्ज फेटाळला जातो. आणि आतल्या माणसाचे नाव आपल्या कागदांतून गावभर व्हावे, हे आपल्यालाही नको आहे.

९ फेब्रुवारी

जामीनदाराचे कागद. या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे.

आदेशात सहसा एक ओळ असते: अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. जातमुचलका म्हणजे आरोपीची स्वतःची सही, त्याला काही लागत नाही. घोडे अडते जामीनदारापाशी. न्यायालयात मागतात ते साधारण असे: आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो, ७/१२ आणि ८-अ, किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक, रक्कम मोठी असेल तर तहसीलदाराचे ऐपत प्रमाणपत्र. शिवाय याआधी किती जणांना जामीन राहिला, याचे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८६ खालचे प्रतिज्ञापत्र.

कुठे फसते ते पाहिले. डिजिटल सहीचा ७/१२ महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, म्हणून लोक आदल्या रात्री काढून आणतात आणि न वाचताच आणतात. त्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, किंवा जमीन अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असते, वारस नोंद झालेलीच नसते. सामायिक क्षेत्र असेल तर जामीनदाराचा हिस्सा किती, हे कागदावर कळत नाही. कागद सादर करण्याआधी चार ठिकाणी बोट ठेवून पाहायचे: नाव हयात माणसाचे आहे का, आधारवरच्या नावाशी जुळते का, बोजा किती, क्षेत्र स्वतंत्र की सामायिक. आधारवर ‘बाळू’ आणि ७/१२ वर ‘बाळासाहेब’ असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र सोबत हवे.

न्यायालये कडक का झाली, हेही समजून घ्यायला हवे. कोर्टाच्या आवाराबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे बोगस जामीनदार असतात. खोटे ७/१२, खोटी आधारकार्डे सापडलेली आहेत. कुटुंब हतबल असते आणि तीच माणसे आधी जवळ येतात. मुलाखतीच्या रांगेत हे स्पष्ट सांगायचे: असा जामीनदार उघडकीला आला तर जामीन जातो, आणि नवा गुन्हा कुटुंबावर येऊ शकतो.

जो खरा जामीनदार राहायला तयार होतो, त्यालाही पूर्ण सांगायचे. आरोपी तारखेला आला नाही तर कलम ४९१ खाली बंधपत्र जप्त होऊन रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. हे न सांगता सही घेणे म्हणजे एका गरिबाला सोडवताना दुसऱ्याला अडकवणे. पुढे नको वाटले तर मोकळे होण्याचा अर्ज कलम ४८९ खाली करता येतो, हेही त्याच बैठकीत सांगायचे.

आणि गायरानावर पाल टाकून राहणाऱ्याचे काय? ७/१२ नाही, घरपट्टी नाही, रेशनकार्ड नाही. ज्या नातेवाइकांना विचारायचे तेही शेजारच्याच पालावर. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण जमीन आणि कागद त्या दिवसाबरोबर आले नाहीत. ‘सक्षम जामीनदार’ हे दोन शब्द या माणसांसाठी जामीन नाकारण्यासारखेच ठरतात. हे न्यायालयासमोर मांडताना मोतीराम प्रकरणाचा आधार घ्यायचा. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचे ठरवले. परजिल्ह्यातला जामीनदार नाकारल्याचे आजही एका तालुका न्यायालयातून कळले.

२ मार्च

आरटीआयचे उत्तर आले. पहिल्या प्रश्नाची संख्या दिली आहे. दुसऱ्याला ‘निरंक’. म्हणजे सात दिवसांहून जास्त अडकलेले बंदी (कैदी) आहेत आणि त्यांच्याबद्दल एकही पत्र गेलेले नाही. तिसऱ्याला ‘माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही’. तिसऱ्यासाठी पहिले अपील: मुदत ३० दिवस, २० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. अपिलात एवढेच लिहिले की एकत्रित नसेल तर आवक-जावक नोंदवहीची त्या काळातली पाने पाहू द्यावीत. पाने पाहण्याचा हक्क कायद्यातच आहे, आणि मोजणी आपण करू शकतो.

‘निरंक’ हा शब्द हातात आलेला सर्वांत उपयोगी कागद आहे. निवेदनाला पहिले जोडपत्र तेच.

५ मार्च

अट बदलून घेण्याचे अर्ज. आधार: सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहामार्फत बंद्याला द्यायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. एक महिन्यात बंधपत्र झाले नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

अर्ज आपण करायचा नाही, लोकअभिरक्षकांनी करायचा. आपण पुरवायचे ते चार कागद: आदेशाची प्रत, आदेशानंतर किती दिवस आत आहे याचा तक्ता, कुटुंबाच्या परिस्थितीचा एक पानी अहवाल, आणि पर्याय. पर्याय लिहिलेला नसेल तर अर्ज अर्धा पडतो. न्यायाधीशांसमोर ‘जामीनदार नाही’ एवढेच ठेवायचे नाही. ‘त्याऐवजी काय’ हेही ठेवायचे. जातमुचलक्यावर सुटका, काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन, पोलीस ठाण्यात हजेरी, किंवा रक्कम कमी करणे. बंधपत्राची रक्कम अवाजवी असू नये, हे कलम ४८४ मध्येच आहे. जामीनपात्र गुन्हा असेल तर याहून सोपे: अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही की माणूस निर्धन समजायचा आणि जातमुचलक्यावर सोडायचा (कलम ४७८). जामीनपात्र गुन्ह्यात कुणी महिनाभर आत असेल तर ती उघड चूक आहे, आणि आपल्या फॉर्मांत असा एक आहे.

अनेक केसेस असलेल्यांसाठी २२ ऑगस्ट २०२४ चा गिरीश गांधी निकाल जोडायचा. वेगवेगळ्या गुन्ह्यांत जामीन झालेल्या माणसाला दर वेळी नवा जामीनदार आणणे शक्य नसते, म्हणून त्या प्रकरणात तेच जामीनदार सर्व गुन्ह्यांत चालवायला परवानगी दिली होती.

१४ एप्रिल, डॉ. आंबेडकर जयंती

मिरवणुकीच्या वाटेवर टेबल लावले. फलक तीनच. पहिल्यावर दोन ओळी: ‘जामीन झाला. मग अजून आत का?’ आणि खाली जामिनाच्या आदेशापासून कारागृहाच्या दारापर्यंतच्या सात पायऱ्यांचे चित्र. दुसऱ्यावर राज्यघटनेची कलमे २१, २२ आणि ३९-अ, मराठी पाठातली. तिसऱ्यावर मोठ्या अक्षरांत १५१००, मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक, आणि ‘कोठडीतल्या प्रत्येकाला बचावाचा वकील मोफत, उत्पन्नाची अट नाही’. लोक सर्वांत जास्त थांबले ते तिसऱ्यापाशी. उत्पन्नाचा दाखला लागतो, असाच बहुतेकांचा समज होता.

पोस्टकार्डे ५० पैशांची, मजकूर आधी छापलेला, सही आणि गाव लोकांनी लिहायचे. पत्ता कुणाचा, यावर आधीच्या बैठकीत बराच वाद झाला होता. न्यायाधीशांना कोणत्याही चालू प्रकरणाबद्दल पत्र पाठवायचे नाही, हे पक्के. तसे करणे न्यायालयावर दबाव आणण्यासारखे आहे, अवमानाची कारवाई ओढवू शकते, आणि आरोपीच्या वकिलालाही ते अडचणीत आणते. म्हणून पत्ते दोनच: जिल्हाधिकारी आणि राज्याचा गृह विभाग. मजकुरात एकाही बंद्याचे नाव नाही, मागण्या आहेत. कारागृहाच्या सूचना फलकावर ४७९ च्या तारखा मराठीत लावा. सात दिवसांची पत्रे नियमित पाठवा. परजिल्ह्यातल्या जामीनदारांची कागद पडताळणी ई-मेलने करा. नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा.

शेवटची मागणी नवी नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि कच्च्या-पक्क्या कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. विमुक्त जमातींना मनमानी अटक करू नये, असेही त्यात आहे. निकालाची मराठी टिपणे टेबलावर ठेवली होती. दुपारी दोनपर्यंत संपली. पुढच्या वेळी दुप्पट काढायची.

२८ एप्रिल

न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीची (कोणत्या कच्च्या कैद्याला सोडता येईल ते पाहणारी समिती) तिमाही बैठक जवळ आली. प्रधान जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक सदस्य. आपण तिथे बसत नाही. आपली यादी सचिवांमार्फत जाते, तीही बैठकीच्या किमान दहा दिवस आधी. कारागृहाची यादी तेव्हाच तयार होत असते.

यादीचा नमुना बदलला. आधी प्रत्येकाची दोन परिच्छेदांची हकिगत लिहिली होती. ती कुणी वाचणार नाही. आता एका माणसाला एक ओळ: सीएनआर, कलमे, कमाल शिक्षा, अटकेची तारीख, आजपर्यंतचे दिवस, तृतीयांशाची तारीख, निम्म्याची तारीख, पूर्वी शिक्षा (होय/नाही), इतर प्रकरणे, मागणी. तारखा दोघांनी वेगवेगळ्या मोजून ताडून पाहायच्या. एक तारीख चुकली तर सगळ्या यादीवरचा विश्वास जातो. मधे जामिनावर सुटून परत आत आलेल्यांचे बाहेरचे दिवस वजा केले आहेत की नाही, ते वेगळे तपासले. एका ठिकाणी केलेले नव्हते.

१८ मे

सुटकेचा कागद दारात अडकतो, त्याची कारणे. सुटकेचा आदेश कारागृहाच्या जामीन पेटीत पडतो. पेटी ठरलेल्या वेळी उघडते. ती वेळ हुकली की माणूस आणखी एक रात्र आत. न्यायालयातून कागद दुपारी चारनंतर निघत असेल तर तालुक्याहून येणारा माणूस पेटीपर्यंत वेळेत पोचूच शकत नाही. म्हणून जामीनदाराला सकाळी साडेदहाला कोर्टात हजर ठेवायचे, तपासणी दुपारच्या सुट्टीआधी व्हावी असे पाहायचे, आणि शुक्रवार टाळायचा.

कागद परत येतो तो बहुधा जुळत नसल्याने: वडिलांचे नाव, वय, गु.र.नं. चे वर्ष, किंवा एखादे पोटकलम. न्यायालयाच्या टेबलावरच, कागद पाकिटात जाण्याआधी, हे चारही कारागृहाच्या नोंदीशी ताडून पाहायचे. कारागृहाची नोंद अटकेच्या पहिल्या कोठडी वॉरंटवरून झालेली असते, म्हणून त्या वॉरंटची झेरॉक्स आपल्याजवळ हवीच. त्यात चूक असली तरी ताळमेळ तिच्याशीच लागतो. दुरुस्ती हवी असेल तर ‘उर्फ’ घालून दोन्ही नावे आदेशात लिहून घ्यायची.

२९ जून

या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट देशासमोर आणली. गाझियाबादच्या तुरुंगात एका माणसाची सुटका एक पोटकलम आदेशात लिहिले नव्हते म्हणून लांबवली होती. २५ जून रोजी न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला ५ लाख रुपये अंतरिम भरपाई द्यायला सांगितली. आदेशाची प्रत काढून आपल्या जिल्ह्यातल्या कारागृहाला आणि प्राधिकरणाला पत्रासोबत पाठवली. पत्र चार ओळींचे. पुढे कागद परत आला तर ही प्रत सोबत जोडायची.

गरीब बंद्यांसाठीची केंद्राची २०२३ ची योजना: जामिनाची रक्कम भरता येत नसेल तर २०२३ च्या मूळ सूचनांप्रमाणे एका प्रकरणात ४०,००० रुपयांपर्यंत सरकार भरते. सात दिवसांत सुटका झाली नाही की कारागृहाने प्राधिकरणाला कळवायचे, सचिवांनी दहा दिवसांत चौकशी करायची आणि प्रकरण जिल्हा समितीपुढे ठेवायचे. चौकशीत सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेता येते, असे सूचनांतच आहे. म्हणून आपले एक पानी अहवाल तिथे थेट उपयोगी पडतात. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) ही प्रकरणे योजनेबाहेर. अडचण अशी की योजना पैसे भरते, जामीनदार देत नाही. आदेशात फक्त जामीनदार मागितला असेल तर समितीला भरायला काही उरत नाही. आधी अट रोख जामिनात बदलून घ्यायची, मग योजनेचा अर्ज. क्रम उलटा झाला की दोन महिने फुकट जातात. पहिल्या दोन प्रकरणांत तसेच झाले.

२० जुलै

सुटलेल्यांच्या तारखा. इथे हलगर्जी झाली तर आधीचे सगळे वाया. तारखेला गैरहजर राहिले की वॉरंट निघते, बंधपत्र जप्तीची नोटीस जामीनदाराला जाते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत शिक्षेचा वेगळा गुन्हा होऊ शकतो. पुढच्या वेळी त्याला कुणी जामीन राहत नाही.

प्रत्येकाला जाड कागदाचे कार्ड: सीएनआर, न्यायालय, वकिलाचा फोन, आणि तारखांच्या बारा रिकाम्या चौकटी. तारीख न्यायालयातच कारकुनाला विचारून लिहायची, घरी जाऊन नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या कार्डावर बाजाराचा वार आणि जवळचा सण लिहिला: ‘पोळ्यानंतरचा दुसरा बुधवार’. फोन एकाच माणसाचा नसतो, पालावर फिरत असतो; म्हणून दोन क्रमांक, त्यांतला एक किराणा दुकानदाराचा, त्याला विचारून.

ऑक्टोबरपासून कारखाने सुरू होतील आणि यांतले बरेच जण तोडीला जातील. कारखान्याच्या फडावरून तारखेला येणे म्हणजे कोयत्याचे (ऊस तोडणाऱ्या जोडीचे) दोन दिवस बुडणे आणि मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर राहणे. हजेरी माफीचा अर्ज तारखेआधी वकिलाकडे पोचला तर चालतो, नंतर नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करायचे: सर्वांच्या ऑक्टोबर ते मार्चच्या तारखा ॲपवरून काढणे, कोण कुठल्या कारखान्याला जातो ते लिहून घेणे, माफीच्या अर्जांवर आधीच सह्या घेऊन वकिलांकडे ठेवणे, आणि ज्या तारखेला साक्ष किंवा आरोप निश्चिती आहे तिथे माफी मिळणार नाही हे कार्डावर लाल पेनाने लिहिणे. गाडीभाड्यासाठी वर्गणीचा डबा वेगळा ठेवला आहे. त्याचा हिशेब दर महिन्याच्या ५ तारखेला वहीत.